सातवी लुकलुक

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी बंद पडलेलं पिनबॉल मशीन (नाणं टाकून, काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी गोळी उडवत गुण मिळवायचा खेळ) विकत घेतलं आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ते पहिल्यांदा पूर्ण डाव खेळलं. मधले साडेसात महिने माझ्या घरात काय चाललं होतं ते लिहून ठेवतेय. या विषयावर इंग्रजीत भरपूर वाचायला मिळतं. पण ते लिहिणाऱ्यांकडे गॅरेज असतं, आजोबांची हत्यारांची पेटी असते आणि उचलायला दोन धिप्पाड मेहुणे असतात. माझ्याकडे शिकागोच्या पश्चिमेच्या एका उपनगरात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, एक मल्टिमीटर आणि पाठदुखीवाला नवरा होता.

हे डोक्यात शिरलं कसं, ते थोडक्यात. मुलगी कॉलेजला गेली आणि तिची खोली रिकामी झाली. ऑफिसच्या एका पार्टीत जुन्या मशीनवर तासभर खेळले. खेळण्यापेक्षा त्या काचेखाली काय काय हलतंय हेच बघत होते. माझे वडील, अण्णा, इचलकरंजीत मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. सुट्टीत त्यांचा डबा घेऊन कारखान्यात जायचे तेव्हा धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत आपटताना बघत उभी राहायचे. त्या पार्टीत पोलादी गोळी तशीच आपटत होती. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी एवढं कारण पुरलं.

कुठलं मशीन घ्यायचं यावर डिसेंबर आणि जानेवारी गेले. शेवटी ठरलं बॅली कंपनीचं १९७७चं 'एट बॉल'. यामागे एक साधा हिशेब होता आणि नवख्यांना तो जरूर सांगेन. या मॉडेलची २०,२३० मशीन बनली होती. त्यानंतर १५ वर्षं कुठल्याही पिनबॉलला तो आकडा ओलांडता आला नाही आणि १९९२मध्ये ज्याने ओलांडला तेही २०,२७०वर थांबलं. जे भरपूर बनलं त्याचे सुटे भाग मिळतात, आकृत्या मिळतात आणि 'माझ्याकडे पण हेच झालं होतं' म्हणणारी माणसं मिळतात. पहिल्याच खेपेला दुर्मीळ मशीनच्या नादी लागू नका.

दुसरं कारण भावनिक. बॅली शिकागोची, गॉटलिब शिकागोची, विल्यम्सही शिकागोचीच. जगभरातले पिनबॉल इथून जायचे आणि खुद्द शिकागो शहरात मात्र १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते खेळायला बंदी होती, जुगार म्हणून! न्यूयॉर्कमध्ये १९४२ ते १९७६ अशी बंदी होती. तिथला महापौर ला ग्वार्डिया हातोड्याने मशीन फोडत असल्याचे फोटो प्रसिद्ध आहेत. नवऱ्याला ही गोष्ट फार आवडली. पुढचे सहा महिने मी काहीही विकत आणलं की तो "महापौरांना बोलावू का?" असं विचारायचा.

फेब्रुवारीच्या शेवटी जाहिरात दिसली. रॉकफर्डच्या अलीकडच्या एका गावात एका आजोबांच्या तळघरात मशीन पडून होतं. पूर्वी त्यांचा बार होता. 'चालत नाही, बाकी उत्तम, ८०० डॉलर.' २ मार्चला, शनिवारी, आम्ही दोघं गेलो.

बघायला जाताना टॉर्च न्या, चांगली भगभगीत. मागच्या उभ्या खोक्यात, म्हणजे बॅकबॉक्समध्ये, सगळे सर्किट बोर्ड असतात. मुख्य बोर्डावर ३.६ व्होल्टची रिचार्ज होणारी बॅटरी सोल्डर केलेली असते. मशीन बंद असताना आकडे लक्षात राहावेत म्हणून ती ठेवलेली. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ती गळते आणि तो द्रव आजूबाजूचं तांबं खातो. आजोबांनी बॅकबॉक्सची काच काढली, मी टॉर्च मारली, तर बॅटरीभोवती तांब्याच्या कळशीवर चढावा तसा हिरवा कीट. ते दाखवून मी भाव खाली आणायला लागले. समोरच्या काचेचं चित्र (लेदर जॅकेटातला, त्या काळच्या टीव्हीवरच्या एका लाडक्या पात्रासारखा दिसणारा तरुण आणि बिलियर्डचं टेबल) मात्र नव्वद टक्के शाबूत होतं. हे महत्त्वाचं. बोर्ड दुरुस्त होतो, बाजारातून नवाही मिळतो. काचेच्या मागचा रंग एकदा पोपडे होऊन पडला की गेला.

नाण्यांच्या दाराची किल्ली हरवली होती. त्यामुळे खेळाची फळी उचलून खालची बाजू बघताच आली नाही आणि मी तशीच हो म्हणाले. ही माझी पहिली चूक. किल्ली नसेल तर कुलूप तिथेच फोडू द्यायला सांगा, नाहीतर तेवढे पैसे कापा. ६०० डॉलरला सौदा झाला. रोख दिले आणि एका कागदावर मशीनचं नाव, सीरियल नंबर, तारीख, रक्कम लिहून दोघांनी सह्या केल्या. आजोबा हसले, "गाडी घेतेयस का?" पण तो कागद दोनच आठवड्यांत कामाला आला.

आमच्या इमारतीत मोठं सामान आणायचं तर लिफ्ट राखून ठेवावी लागते. फॉर्म भरायचा, २०० डॉलर अनामत (परत मिळते), ५० डॉलर शुल्क (परत मिळत नाही), किमान तीन दिवस आधी. शनिवार-रविवारी सामान चढवायला बंदी. 'वस्तूचे वर्णन' या रकान्यात मी प्रामाणिकपणे 'नाणी टाकून खेळायचं पिनबॉल मशीन' लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर: निवासी इमारतीत व्यावसायिक उपकरणाला परवानगी नाही. मी लिहिलं, घरी खेळायला आहे. ते म्हणाले, तसं लेखी द्या आणि मालकीचा पुरावा जोडा. दिलं. मग विचारणा झाली की वजन किती, जमिनीला धोका आहे का. वजन साधारण ११० किलो, चार पायांवर. आमच्या मजल्यावर एकाकडे पियानो आहे, तो याच्या दुपटीने तरी जड असावा, हेही मी नम्रपणे नमूद केलं. शेवटी मंगळवार, १९ मार्च, सकाळी १० ते १२ अशी वेळ मिळाली. तुमच्यावर अशी वेळ आली तर रकान्यात 'करमणुकीचं फर्निचर' लिहा. खोटं काहीच नाही त्यात.

दोघांनी रजा टाकली आणि भाड्याची व्हॅन घेतली (पेट्रोल आणि विम्यासकट ९४ डॉलर). उचलायला दोन तास मजुरीवर माणूस बघितला होता, तो आलाच नाही. आजोबांचा नातू कामाला आला, त्याने पैसे घेतले नाहीत. बॅकबॉक्सच्या तारांची जोडणी सोडवायची, बोल्ट काढायचे, तो वेगळा करायचा. मग पुढचं टोक टेकवून पाय काढायचे, प्रत्येक पायाला दोन बोल्ट. तारा सोडवण्याआधी प्रत्येक कनेक्टरवर चिकटपट्टी लावून नंबर लिहिला, ते बरं झालं. आतली गोळी काढून घ्या असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आम्हालाही माहीत होतं. पण किल्लीच नव्हती. रस्ताभर प्रत्येक वळणाला मागून गडगड, ठण्ण. नवरा म्हणाला, "हे अजून चालू आहे वाटतं." घरी येईपर्यंत एका प्लास्टिकच्या पट्टीचे दोन तुकडे झाले होते.

११ वाजून ५० मिनिटांनी मशीन मुलीच्या खोलीत होतं. लिफ्टमधली जाड चादर जागेवर घातली, जमिनीचे फोटो काढले. अनामतीचा चेक मेमध्ये आला.

त्या रात्री ड्रिलने कुलूप फोडलं. आत तीन क्वार्टर (पाव डॉलरची नाणी), एक जुना कराचा स्टिकर, उंदराच्या लेंड्या आणि चार स्क्रू, जे कुठले ते आजतागायत कळलेलं नाही. भिंतीत खुपसायच्या वायरची जमिनीची, म्हणजे अर्थिंगची, पिन कोणीतरी कापून टाकलेली होती. पॉवर बोर्डावर एक फ्यूज च्युइंगमच्या चांदीत गुंडाळून बसवलेला होता.

हा फ्यूज मी व्हिडिओ कॉलवर अण्णांना दाखवला. मला वाटलं ते हळहळतील. ते पोट धरून हसले. "आमच्याकडं बी असंच! तार लावून शिफ्ट काढायची." मग गंभीर होऊन म्हणाले, "पण बग, फ्यूज उडत होता म्हंजे त्याला काय तरी सांगायचं हुतं. ह्येनं त्याचं तोंड बांधलंय. आता आधी ते शोध. आणि एका टायमाला एकच बोल्ट फिरव. दोन फिरवलीस तर कशानं सुधारलं त्ये कळत न्हाई."

मशीन घरी आल्यावर वीज लावून बघायचा मोह फार होतो. लावू नका. आधी १४ डॉलरची नवी तीन पिनांची वायर बसवली. सगळे बोर्ड पॉवर बोर्डापासून सोडवले आणि प्रत्येक फ्यूज त्यावर छापलेल्या आकड्याचाच नवा घातला. मग चालू केलं. फट्. कॉइलना (तारेच्या गुंडाळ्या, मशीनमधले हलणारे भाग त्याच उडवतात) ४३ व्होल्ट पुरवणाऱ्या भागाचा फ्यूज उडाला. बाकी काहीच जोडलेलं नसताना उडाला, म्हणजे दोष पॉवर बोर्डावरच. मल्टिमीटरने ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) तपासला, दोन पायांमध्ये दोन्ही दिशांना आरपार, म्हणजे गेलेला. सहा डॉलरचा भाग. तो काढायला मला दोन संध्याकाळी लागल्या, कारण माझं सोल्डरिंग तेव्हा दिव्य होतं. नवा बसवल्यावर ४३ व्होल्ट आले. आधी बाजारातून जुना बंद रेडिओ आणून त्यावर सोल्डरिंगचा सराव करा, मशीनवर करू नका.

इथे एक धोक्याची गोष्ट. आकडे दाखवणाऱ्या डिस्प्लेंना १९० व्होल्टच्या आसपास डीसी लागतो आणि वीज बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, काही वेळ टिकतो. मी त्या भागाशी काम करताना एक हात चक्क मागे धरायचे, अंगठी-बांगड्या काढून ठेवायचे आणि घरात कोणी नसताना हात घालायचे नाही.

एप्रिलमध्ये मुख्य बोर्डाकडे वळले. बॅटरी कापून काढली. गळलेला द्रव अल्कलीचा असतो, म्हणून अर्धं पाणी अर्धं व्हिनेगर लावून जुन्या टूथब्रशने घासलं. थोडं फसफसलं. मग स्वच्छ पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पंख्याखाली दोन दिवस. या बोर्डावर एक छोटा लाल दिवा असतो आणि बनवणाऱ्यांनी त्याला फार शहाणं केलंय. चालू केलं की तो आधी क्षणभर चमकतो आणि मग एकेक भाग तपासून बरोबर असला की एकदा लुकलुकतो. पहिली लुकलुक प्रोग्रामच्या चिपांची, मग दोन मेमरी, मग दोन इनपुट-आउटपुट चिपा, सहावी टायमरची आणि सातवी ४३ व्होल्ट पोचल्याची. सात झाल्या की बोर्ड ठणठणीत. जिथे थांबला तिथे रोग.

माझा दिवा लागला तो लागलाच. एकदाही लुकलुकला नाही.

दोन शनिवार-रविवार मी तो हिरवा भाग खरवडून, भाग बदलून बघितला. दुसऱ्या रविवारी तापलेल्या सोल्डरिंग आयर्नसोबत बोर्डावरची तांब्याची टिकलीच उचलून आली. तेव्हा थांबले. खोलीचं दार लावून घेतलं आणि तीन दिवस तिकडे फिरकले नाही. ६०० डॉलरची लाकडी पेटी घेऊन बसलोय असं वाटायला लागलं होतं. चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, "अगं, दात दुखला तर आपण घरी काढतो का? दे की कोणाला तरी." हे बोर्ड दुरुस्त करून देणारी माणसं आहेत, टपालाने काम चालतं. २२ एप्रिलला बोर्ड पाठवला. दोन आठवडे सांगितले होते, लागले ३८ दिवस. मध्ये दोनदा इमेल केला, एकदा उत्तर आलं. १६५ डॉलर, शिवाय जाता-येता टपाल २२. त्याने बॅटरीऐवजी वीज नसतानाही स्मरण ठेवणारी मेमरी चिप बसवून दिली. आता गळायला काही उरलंच नाही.

ते ३८ दिवस वाया गेले नाहीत, खरं तर मशीनचा चेहरा त्याच दिवसांत परत आला. खेळाच्या फळीवरचं सगळं काढलं: रबराची कडी, प्लास्टिकच्या पट्ट्या, खांब, दिवे. स्क्रू ठेवायला मिसळणाचा डबा घेतला. सात वाट्या, प्रत्येकीत फळीच्या एका भागाचे स्क्रू आणि डब्यावर स्टीलचं झाकण. मोहरीच्या वाटीत डावीकडचे, हळदीच्या वाटीत पॉप बंपरचे (गोळी आपटली की तिला उडवून लावणारे गोल खांब). सासूबाईंनी दिलेला डबा आहे. त्या हे वाचणार नाहीत अशी आशा. फोटो काढले ३४०, पण सगळे इतक्या जवळून की नंतर हा स्क्रू नेमका कुठला हेच कळेना. प्रत्येक वस्तूचा एक जवळून आणि एक हातभर लांबून असे दोन फोटो काढा.

फळी काळीकुट्ट होती. बारमधला सिगारेटचा धूर, गोळीवरचा धातूचा भुगा आणि कोणीतरी शिंपडलेली पावडर, सगळं मेणाच्या थराखाली दाबून बसलेलं. मेलामाइनचा पांढरा स्पंज आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून, हातभर नाही, बोटभर जागा घ्यायची आणि हलक्या हाताने गोल गोल. स्पंज खरखरीत असतो, जोर लावला तर रंगही निघतो. आठ क्रमांकाच्या काळ्या चेंडूशेजारी माझा थोडा निघाला, नीट बघितलं तर दिसतो. संध्याकाळी दीड तास, अशा अकरा संध्याकाळी. खालून बिलियर्डच्या टेबलाचा हिरवा रंग वर आला तेव्हा नवऱ्यालाही हाक मारली. तो नुसता बघत उभा राहिला आणि मग न सांगता उजवी बाजू घासायला बसला. शेवटी कारनौबा मेणाचे दोन हात दिले.

दुसरी मोठी चूक याच काळातली. फळीखाली पातळ पट्ट्यांचे डझनावारी स्विच असतात, गोळी गेली की दोन पात्या टेकतात. कानस घेऊन मी उत्साहात सगळे घासत सुटले. फ्लिपरचे (बटण दाबलं की गोळी परत वर मारणाऱ्या दांड्यांचे) स्विच टंगस्टनचे असतात, त्यांच्यातून जोराचा प्रवाह जातो, ते कानशीने घासायचेच असतात. पण गुण मोजणारे स्विच सोन्याचा पातळ मुलामा दिलेले असतात. त्यांच्यात जाड कागद, एखादं व्हिजिटिंग कार्ड, अल्कोहोलमध्ये बुडवून पात्यांमध्ये धरायचं आणि ओढून काढायचं, बस्स. मला हे कळलं तेव्हा दोन स्विचचा मुलामा उडाला होता. ते पुढे बदलावे लागले. ऑफिसची जुनी व्हिजिटिंग कार्डं मात्र शेवटी कुठेतरी उपयोगाला आली.

फ्लिपर हा या खेळाचा आत्मा, आणि तो असतो साधा. कॉइलच्या पोटात लोखंडी दट्ट्या, तो आत ओढला गेला की फ्लिपर उडतो. कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक दणका मारणारी आणि एक धरून ठेवणारी. दट्ट्या टोकाला पोचला की एक छोटा स्विच उघडतो आणि दणक्याची गुंडाळी बंद होते. तो उघडला नाही तर कॉइल जळते. तो मळलेला असेल तर फ्लिपर थकल्यासारखा हलतो. लोक कॉइल बदलतात आणि दोष स्विचचा असतो. माझ्या दोन्ही दट्ट्यांची टोकं आपटून आपटून छत्रीसारखी पसरली होती. त्यांचा पूर्ण संच ४५ डॉलरला आला. रबरांचा संच २४, दिवे ६० (मी एलईडी लावले, त्यांची उष्णता कमी, म्हणून काचेचं चित्र जास्त टिकतं), नवी गोळी ३. जुनी गोळी हातात घेऊन बघितली तर खड्डे पडलेली. अशी गोळी फळीला कानशीसारखी घासते.

३० मे, गुरुवार. बोर्ड परत आला. रात्री जोडला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

सातवी नाही.

सातवी म्हणजे ४३ व्होल्ट. पण ते तर मी स्वतः मोजले होते! पुन्हा मोजले, पॉवर बोर्डावर आहेत. मुख्य बोर्डाच्या पिनेवर नाहीत. मध्ये फक्त वायर. तीन संध्याकाळी त्या वायरचा माग काढला. शेवटी कनेक्टरच्या प्लास्टिकच्या घरात मल्टिमीटरची टोकदार सुई मागून खुपसली तेव्हा कळलं: वायरवर ४३ व्होल्ट, आणि तिच्याच टोकाच्या पितळी कळीवर शून्य. वरून वायर आत शिरलेली दिसत होती, पण आतून कळीच्या कडेला तुटली होती. बोटाने हलकं ओढल्यावर ती हातात आली. एक इंचाचा काळा पडलेला तुकडा, टोकाला हिरवी पूड. यासाठी नवीन कळ्या आणि त्या दाबून बसवायचा क्रिंपर असे ७० डॉलर गेले. स्वस्तातला चिमटा घेऊ नका. तो वायर चिरडतो आणि मग हेच दुखणं नव्याने सुरू होतं. मीच आधी तसला घेतला होता, तो फेकला.

जूनच्या ८ तारखेला, शनिवारी दुपारी, दिवा सात वेळा लुकलुकला. मी एकटीच होते घरी. स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, परत आले, बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा सात.

त्यानंतरचे चार महिने मात्र सांगण्यासारखे कमी आणि खेटे घालण्याचे जास्त. नाण्यांच्या दारामागे चाचणीचं बटण असतं, ते दाबत गेलं की मशीन आधी सगळे दिवे लावून दाखवतं, मग डिस्प्लेचे आकडे, मग एकेक कॉइल उडवतं आणि शेवटी कुठला स्विच अडकलाय त्याचा नंबर सांगतं. मी वही घातली: तारीख, नंबर, काय केलं. बहुतेक वेळा उपाय एकच, मळलेला संपर्क साफ करणं किंवा तडकलेलं सोल्डर पुन्हा तापवणं. जुलै पूर्ण भारतात गेला. ऑगस्टमध्ये सुट्या भागाचं एक पाकीट चुकीच्या पत्त्यावर गेलं आणि तीन आठवड्यांनी मिळालं. सप्टेंबरमध्ये खालच्या मजल्यावरून तक्रार आली की रात्री टकटक ऐकू येते. मी पायांखाली जाड रबर आणि त्याखाली नमद्याचा तुकडा घातला आणि रात्री ९ नंतर खेळायचं नाही असं ठरवलं. नियम १० चा आहे. खालच्या बाईंना एकदा खेळायला बोलावलं. त्या लहानपणी हेच मशीन खेळलेल्या निघाल्या. आता त्या ९ वाजता वर येऊन 'एकच डाव' म्हणतात.

घंटांचं सांगायचं राहिलं. या मशीनला इलेक्ट्रॉनिक आवाज नाहीत. धातूच्या पट्ट्यांवर दट्टे आपटतात आणि खरा नाद येतो. माझ्या पट्ट्या ठप्प वाजत होत्या, ताटावर पळी आपटावी तशा. पट्ट्या रबरी बुशांवर तरंगत्या असाव्या लागतात, ती रबरं दगड झाली होती. दोन डॉलरची रबरं बदलली आणि पहिल्यांदा दहा गुणांची घंटा वाजली तेव्हा शेजारच्या खोलीतून मीटिंग सोडून नवरा बघायला आला.

एकूण खर्च, सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर सोडून, १,२५० डॉलरच्या आसपास झाला. ठरवले होते ९००. वेळेचा हिशेब ठेवला नाही आणि ठेवणारही नाही. पैसे कमवायला कोणी यात पडत असेल तर चालू मशीन सरळ विकत घेणं स्वस्त पडतं, हे आधीच सांगते.

तिसऱ्या खेळाडूच्या डिस्प्लेतला एक आकडा अजून अर्धवट उमटतो. ते वायू भरलेल्या काचेचे डिस्प्ले आता कोणी बनवत नाही, एलईडीचा पर्यायी संच मिळतो. तूर्त मी तिसऱ्या खेळाडूला आधीच सांगून ठेवते.

दिवाळीच्या आदल्या रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे रात्री, अण्णांना फोन लावून मोबाइल काचेशी टेकवून ठेवला आणि डाव खेळले. सातही चेंडूंचे दिवे लागले, आठवाही लागला. माझा तोपर्यंतचा सगळ्यात मोठा स्कोअर. वळून बघते तर अण्णांनी स्क्रीनकडे बघायचं सोडून कान फोनला लावला होता.

"डावा जरा मागं पडतुय," ते म्हणाले.

"अण्णा, स्कोअर बघितला का?"

"त्ये असू दे. उजवा टक् करतुय, डावा टप् करतुय. बग एकदा."

रात्री फळी उचलली. डाव्या फ्लिपरच्या त्या छोट्या स्विचचा स्क्रू सैल होऊन पाती केसभर सरकली होती, दट्ट्या टोकाला पोचायच्या आधीच उघडत होती. मोहरीची वाटी काढली, स्क्रू आवळला, पाती वाकवून जागेवर आणली आणि मग उजवीकडच्याला हातही न लावता फळी खाली घेतली.